व्हेल दिसला, पण कोणता? बोटीवरून प्रजाती ओळखायची पद्धत, क्रमाने

व्हेल बघून आलेल्या बहुतेकांकडे नुसत्या पाण्याचे ढीगभर फोटो असतात आणि वर्णन म्हणून एकच वाक्य, "खूप मोठा होता, काळा होता." मग त्यातलाच एक फोटो ग्रुपवर पडतो, खाली प्रश्न, हा ब्लू व्हेल का? आता पाण्यावर आलेला कुठलाही मोठा व्हेल मोठा आणि काळाच दिसतो, त्यावरून काहीच ठरत नाही. लोकांची चूक होते ती क्रमात. सगळे शेपटीची नाहीतर उडीची वाट बघत बसतात, आणि त्याआधीच्या पाचदहा सेकंदांत फवारा (श्वास सोडताना उडतो तो), डोकं, पाठ, फिन (पाठीवरचा उभा पंख) हे सगळं समोरून निघून जातं, ते कोणी बघतच नाही. ओळख तिथे पटते. शेपूट आली तर बोनस, आणि काही प्रजाती तर शेपूट दाखवतच नाहीत, म्हणजे तुम्ही वाट बघत राहता आणि ते कधीच निघून गेलेले असतात.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने वापरा. मधला एखादा गाळला की पुढचे निम्मे निरुपयोगी होतात.

टप्पा १: निघण्याआधी यादी छोटी करा

व्हेल, डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच छोटा प्राणी) मिळून जगात ९० च्या आसपास प्रजाती आहेत. त्या सगळ्या पाठ करायची काही गरज नाही, कारण एका ठिकाणी, एका सीझनमध्ये, अर्ध्या दिवसाच्या ट्रिपला दिसू शकतील असे मोठे व्हेल फार तर चारपाच असतात. ही चारपाचची यादी हातात नसेल तर समुद्रावर तुम्ही सगळ्या जगातून एक नाव निवडायला बसता आणि डोक्यात येतं ते सगळ्यात फेमस नाव.

यादी कशी करायची? आधी ठिकाण, मग महिना, मग पाण्याची खोली. श्रीलंकेत मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिल जात असाल तर ब्लू व्हेल सगळ्यात वर, मग ब्रायडीज आणि स्पर्म. ऑस्ट्रेलियाच्या हर्वी बेमध्ये जुलै ते ऑक्टोबर म्हणजे हंपबॅक, बाकी सगळं किरकोळ. दक्षिण आफ्रिकेत हर्मानसला जून ते नोव्हेंबर सदर्न राइट व्हेल किनाऱ्यावरून सुद्धा दिसतात. न्यूझीलंडच्या कैकौराला स्पर्म व्हेल वर्षभर असतात कारण तिथे खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या सान इग्नासिओ खाडीत जानेवारी ते एप्रिल ग्रे व्हेल. आइसलँडच्या हुसाविकला उन्हाळ्यात हंपबॅक आणि मिंकी. अझोर्सला स्पर्म व्हेल, आणि वसंतात ब्लू आणि फिन व्हेल (हे प्रजातीचं नाव, पाठीवरचा फिन वेगळा) तिथून पुढे जाताना दिसतात.

खोलीचा मुद्दा लोक विसरतात. स्पर्म व्हेल आणि बीक्ड व्हेल खोल पाण्यातले, तळ शेकडो मीटर खाली असेल तिथले. राइट, ग्रे, हंपबॅक, मिंकी हे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आरामात दिसतात. बोट उथळ खाडीतच फिरणार असेल तर स्पर्म व्हेल यादीतून काढून टाका, उगाच आशा नको.

आणि जे तिथे असूच शकत नाहीत तेही खोडा. ग्रे व्हेल उत्तर पॅसिफिकमधला, चुकून भरकटलेले एखाददोन सोडले तर अटलांटिकमध्ये तो नाही. बोहेड फक्त आर्क्टिक भागातला. बेलुगा आणि नारव्हाल उत्तरेच्या थंड पाण्यातले. ब्रायडीज उलट, गरम पाण्यातला.

मग एका कार्डावर प्रत्येक नावासमोर फक्त चार गोष्टी लिहा: फवारा कसा, फिन कसा आणि कुठे, शेपूट वर काढतो का, आणि एक खास खूण. मोबाईलमध्ये ठेवू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि हात ओले असतात.

*तपासा:* कार्ड न बघता प्रत्येक नावाची खास खूण सांगता येते का? नसेल येत तर यादी अजून लांब आहे, कमी करा.

टप्पा २: सामान

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२. दहा पटीची किंवा त्याहून मोठी घेऊ नका, हलत्या बोटीवर चित्र इतकं थरथरतं की फिनचा आकार कळत नाही. दुर्बीण आदल्या दिवशी डोळ्यांना सेट करून ठेवा. व्हेल वर आल्यावर फोकसची चाकी फिरवत बसणारे लोक प्रत्येक बोटीवर सापडतात.

पोलराइज्ड गॉगल हवाच. पाण्यावरची चमक कापली की पृष्ठभागाखालचा फिकट निळा हिरवट आकार दिसायला लागतो, आणि तो दिसला की व्हेल कुठे वर येणार हे आधीच कळतं.

जाकीट, टोपी, पाणी हे सांगायला नको. पण बोट लागत असेल तर त्याची सोय आधी करा. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती निघण्याआधीच घ्यायची असते, आणि कुठली हे डॉक्टरांना विचारा कारण काही गोळ्यांनी झोप येते, मग ट्रिपभर डुलक्या. बोटीवर मधल्या भागात उभे रहा, तिथे हेलकावे कमी, आणि नजर क्षितिजावर. नजर क्षितिजावर ठेवणं तसंही आपलं कामच आहे. मोबाईलमध्ये किंवा कार्डात डोकं घातलं की ढवळायला लागतं.

हवामान बघताना नुसता पाऊस बघू नका, वारा बघा. ब्यूफोर्ट स्केलवर (वाऱ्याचा जोर सांगणारे आकडे) ३ ला लाटांवर तुरळक पांढरा फेस दिसायला लागतो, ४ ला तो सगळीकडे होतो. ४ च्या वर मिंकीसारखे छोटे व्हेल हातातून गेलेच समजा, मोठ्यांचे फवारेही फेसात हरवतात. तारीख बदलता येत असेल तर वाऱ्यासाठी बदला, ढगांसाठी नको. ढगाळ आणि शांत समुद्र हा चकचकीत उन्हापेक्षा बरा.

टप्पा ३: बोटीवर जागा आणि घड्याळाची भाषा

बोटीचं पुढचं टोक म्हणजे १२ वाजता, उजवी बाजू ३, मागची ६, डावी ९. क्रू "दोन वाजता!" असं ओरडला की घड्याळात बघू नका, उजवीकडे पुढच्या बाजूला बघा. हे ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या हाकेला अर्धी बोट उलट्या बाजूला बघत असते.

सूर्य पाठीमागे राहील अशी बाजू आधी धरा. सूर्यासमोर रंग, ठिपके, जबड्यावरचा पांढरा भाग, काही म्हणजे काही दिसत नाही, फक्त काळी आकृती. एक सवलत आहे, सूर्य खाली असताना त्याच्या दिशेचा फवारा उजळून उठतो आणि लांबून सापडतो. म्हणजे शोधायला सूर्यासमोरची बाजू चालते, ओळखायला नाही.

टप्पा ४: शोधायचं कसं

दुर्बीण लावून शोधू नका. उघड्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे क्षितिजाच्या जरा खालून नजर फिरवा, मग परत, मग थोडं जवळच्या पाण्यावरून. काहीतरी वेगळं वाटलं की नजर तिथेच खिळवून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यापाशी आणा. डोळे खाली करून दुर्बीण शोधली की ती जागा गेली, समुद्रावर परत सापडत नाही.

काय शोधायचं तर फवारा, पाण्यात डाइव्ह मारणाऱ्या पक्ष्यांचा थवा, आणि गुळगुळीत तेलकट दिसणारा गोल पट्टा. हा पट्टा शेपटीच्या फटक्याने खालचं पाणी वर येऊन तयार होतो, चारी बाजूला लहरी असतात आणि मधे सपाट. तो दिसला म्हणजे व्हेल आत्ताच इथून गेला. पट्टे एका ओळीत दिसले तर त्याची दिशा पण कळली, पुढच्या बाजूला बघत रहा.

*सावधान:* लाटेचा फेस फुटतो, पसरतो आणि लाटेबरोबर सरकतो. फवारा वर उठतो, क्षणभर हवेत लटकतो आणि वाऱ्याने विरतो. शंका आली तर तिथेच १५-२० सेकंद बघत रहा, व्हेल सहसा एकदाच श्वास घेऊन जात नाही.

*अजून एक:* पाण्यावर तरंगत इकडून तिकडे लोळणारा एकटा फिन आणि फवारा नाही, तो बहुतेक सनफिश नावाचा मोठा मासा. पुढे एक फिन आणि मागे शेपटीचं टोक डावीउजवीकडे हलतंय, तो शार्क. माशाची शेपूट उभी असते आणि बाजूला हलते, व्हेलची आडवी असते आणि वरखाली हलते.

टप्पा ५: फवारा, पहिली चाळणी

आता खरं काम. फवारा दिसला की मनात चार प्रश्न: किती उंच, कुठल्या आकाराचा, सरळ की तिरका, एक की दोन?

उंच सरळ खांबासारखा असेल तर ब्लू किंवा फिन व्हेल. ब्लूचा ९ मीटर किंवा त्याहूनही वर जातो, फिन व्हेलचा साधारण ४ ते ६. समुद्रावर मीटर मोजता येत नाहीत हे मला मान्य आहे, म्हणून आकडा धरू नका, खाली दिसणाऱ्या पाठीच्या तुलनेत बघा.

बुटका आणि झुडपासारखा पसरलेला असेल तर हंपबॅकचा विचार करा.

इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा असेल तर राइट किंवा बोहेड, आणि ग्रेचा असेल तर तो बुटका आणि थोडा पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा. पण हे फाटे फक्त समोरून किंवा मागून दिसतात. बाजूने बघितलं तर दोन्ही फाटे एकावर एक येतात आणि एकच फवारा वाटतो. म्हणजे दोन फाटे दिसले तर धरा, नाही दिसले तर त्यावरून काही खोडू नका. हंपबॅकचाही मागून कधी कधी फाटल्यासारखा दिसतो, तेव्हा फिन बघेपर्यंत थांबा.

पुढे आणि डावीकडे झुकलेला असेल तर स्पर्म व्हेल. त्याची नाकपुडी एकच, डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला आणि डाव्या बाजूला असते, म्हणून फवारा कायम तसाच तिरका येतो. ही लांबून पटणारी सगळ्यात भरवशाची खूण, एका अटीवर.

*सावधान:* वाऱ्याने कुणाचाही फवारा तिरका होतो. वारा कुठून येतोय ते बघा आणि किमान तीन फवारे बघा. वाऱ्याच्या विरुद्ध झुकत असेल तर शंका संपली. वाऱ्याच्याच दिशेने झुकत असेल तर तो पुरावा धरू नका.

फवारा दिसलाच नाही, थेट फिन दिसला? मग मिंकी, बीक्ड व्हेल किंवा डॉल्फिनच्या कुटुंबातलं कोणीतरी. गरम हवेत फवारे तसेही पुसट दिसतात, त्यामुळे उष्ण प्रदेशात "फवारा नव्हता" याला फार किंमत देऊ नका.

वास हीसुद्धा खूण आहे, हसू नका. वारा येतोय त्या बाजूला मिंकी जवळ आला तर कुजक्या कोबीसारखा वास येतो आणि क्रू त्यावरूनच सांगतो कोण आहे ते.

टप्पा ६: डोकं, पाठ, फिन, याच ओळीत

फवाऱ्यानंतर दुर्बीण किंवा नजर जागेवरच ठेवा, पाण्यावर पाठ सरकताना बघा. इथे दोन गोष्टी मोजायच्या: फवाऱ्यानंतर फिन किती उशिरा आला, आणि तो पाठीवर कुठे आहे.

हा "किती उशिरा" प्रकार लोक बघत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं. ब्लू व्हेलचा फिन लहानसा आणि पार मागे, पाठीच्या शेवटच्या चतुर्थांशात असतो. म्हणून आधी फवारा, मग डोक्याचा भाग, मग पाठ, पाठ, अजून पाठ, आणि सगळं संपत आल्यावर एक छोटंसं टोक. फिन व्हेलचा फिन मोठा, मागे झुकलेला, फवाऱ्यानंतर थोड्या वेळाने येतो. सेई आणि मिंकीचा फवारा आणि फिन जवळपास एकाच वेळी पाण्यावर असतात. मनात "एक, दोन, तीन" म्हणायची सवय लावा.

फिन अजिबातच नाही? यादी झटकन छोटी झाली. राइट आणि बोहेडची पाठ गुळगुळीत, काहीच नाही. ग्रेच्या पाठीवर फिनऐवजी एक बुटका उंचवटा आणि त्यामागे शेपटीपर्यंत ६ ते १२ गाठींची रांग, अंगभर करडे पांढरे डाग आणि चिकटलेले बार्नेकल (कडक कवचाचे छोटे जीव). बेलुगा पांढराशुभ्र, पण पिल्लं करडी असतात हे लक्षात ठेवा. स्पर्म व्हेलला फिन म्हणावा असा नाही, एक जाड उंचवटा आणि मागे गाठी, अंगाच्या मागच्या भागावर सुरकुत्या, आणि तो पाण्यावर लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो.

हंपबॅकचा फिन लहान पण कुबडावर बसलेला, आणि पाठ वाकवली की ते कुबड स्पष्ट. डोकं बाहेर आलं तर त्यावर गाठी दिसतात. बाजूचे लांब हात, म्हणजे अंगाच्या जवळपास एक तृतीयांश लांबीचे, पाण्याखालून फिकट दिसतात आणि हे हात दिसले की पुढे विचार करायची गरजच नाही.

राइट व्हेलच्या डोक्यावर खरखरीत पांढुरके चट्टे असतात, लांबून फेस वाटतो. फेस जागा बदलतो, हे चट्टे डोक्याबरोबर येतात आणि जातात.

ऑर्काच्या (किलर व्हेलच्या) नराचा फिन सरळ उभा, १.८ मीटरपर्यंत. मादीचा बराच बुटका आणि वाकलेला. लोक मादी बघून "हा ऑर्का नाही, फिन छोटा आहे" म्हणतात. डोळ्यामागचा पांढरा ठिपका आणि फिनच्या मागचा करडा पट्टा बघा, तो नर मादी दोघांना असतो.

*तपासा:* आत्तापर्यंत तुमच्याकडे तीन उत्तरं असायला हवीत: फवाऱ्याचा आकार, फिन आहे की नाही, असेल तर कुठे. एकही नसेल तर नाव घेऊ नका, पुढच्या श्वासाची वाट बघा. मोठा व्हेल लांब डुबकीआधी बहुतेक वेळा चारपाच श्वास तरी घेतो, म्हणजे तुम्हाला तेवढे चान्स आहेत. पहिल्या श्वासाला फक्त फवारा बघा, दुसऱ्याला डोकं, तिसऱ्याला फिन. सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच दिसत नाही.

टप्पा ७: शेवटची डुबकी

छोट्या छोट्या श्वासांनंतर एक श्वास वेगळा असतो. पाठ जास्त उंच येते, कमान होते. हंपबॅक, स्पर्म, राइट, ग्रे आणि बोहेड यानंतर शेपूट वर काढतात, दर वेळी नाही पण बऱ्याचदा. ब्लू कधी काढतो कधी नाही. फिन व्हेल, सेई, ब्रायडीज आणि मिंकी जवळजवळ कधीच नाही.

शेपूट आली तर कडा आणि मधली खाच बघा. हंपबॅकची मागची कड दातेरी आणि खालच्या बाजूला काळी पांढरी नक्षी. ही नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि त्यावरून एकेक प्राणी ओळखला जातो. राइटची रुंद, गुळगुळीत, टोकदार, मध्ये खोल खाच. स्पर्मची जाड, त्रिकोणी, काळपट.

डुबकी किती वेळ चालली तेही मोजा. स्पर्म व्हेल साधारण १० मिनिटं वर श्वास घेत पडून राहतो आणि मग ४० ते ६० मिनिटं खाली जातो. म्हणून स्पर्म व्हेल दाखवणाऱ्या बोटी पाण्यात मायक्रोफोन सोडून त्याच्या टिकटिकीवरून माग काढतात. हंपबॅक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत परत येतो. क्युव्हिएज बीक्ड व्हेलची तर २२२ मिनिटांची डुबकी नोंदलेली आहे, तो गेला की गेला, बोट पुढे नेलेली बरी.

टप्पा ८: सारख्या दिसणाऱ्या जोड्या

निम्म्या चुका याच चारपाच जोड्यांत होतात.

*ब्लू आणि फिन व्हेल.* रंग बघा, पण फक्त सूर्य मागे असताना. ब्लूचं अंग निळसर करडं आणि त्यावर फिकट गडद चट्ट्यांची मिसळण, फिनचं एकसारखं तपकिरी करडं. वरून डोकं दिसलं तर ब्लूचं रुंद आणि गोलसर, फिनचं निमुळतं. पक्की खूण म्हणजे फिन व्हेलचा खालचा जबडा, तो उजव्या बाजूला पांढरा आणि डाव्या बाजूला गडद असतो. आता यातली गोची समजून घ्या, तुम्ही प्राण्याच्या डाव्या बाजूला असाल तर तुम्हाला पांढरं काही दिसणारच नाही आणि तुम्ही फिन व्हेल खोडून मोकळे व्हाल. त्यामुळे नोंद करताना "जबडा पांढरा नाही" एवढंच नको, "डावी बाजू दिसली" हे पण हवं. मादागास्करच्या नोसी बेसारख्या उष्ण पाण्यात ओमुराज व्हेलचाही जबडा असाच दोन रंगी असतो, पण तो साधारण १० ते ११ मीटरचा, फिन व्हेलच्या निम्म्याला जरा जवळ.

*सेई आणि ब्रायडीज.* आकार, फिन, रंग सगळं इतकं सारखं की लांबून सांगणारा माणूस थापा मारतोय असं खुशाल समजा. फरक डोक्यावर आहे. ब्रायडीजच्या डोक्यावर नाकपुडीपासून पुढे तीन उभ्या कडा, सेईच्या एकच. त्यासाठी व्हेल जवळ आणि समोरून यायला हवा. ते नाही झालं तर डुबकी बघा, ब्रायडीज पाठीची कमान करून जातो, सेई कमान न करता नुसता खाली बसतो. तेवढ्यावर "बहुतेक" लिहा, "नक्की" नको.

*मिंकी आणि बाकी लहान फिनवाले.* मिंकी ७ ते ९ मीटरचा, टोकदार तोंड, वर येताना आधी टोक बाहेर येतं. उत्तर गोलार्धातल्या मिंकीच्या बाजूच्या हातांवर पांढरा पट्टा असतो, पाण्याखालूनही चमकतो. अंटार्क्टिक मिंकीत तो तसा ठळक नसतो, त्यामुळे दक्षिणेत हा पट्टा शोधत बसू नका.

*ऑर्का, पायलट व्हेल आणि रिसोज डॉल्फिन.* काळा प्राणी, उंच फिन, टोळी, म्हणजे ऑर्का असं होत नाही. पायलट व्हेलचा फिन बुडाशी रुंद, बुटका, आणि पाठीच्या मध्यापेक्षा पुढे असतो, डोकं गोल फुगलेलं. रिसोजचा फिन खरंच उंच असतो, लांबून फसवतो, पण अंग करडं आणि ओरखड्यांनी भरलेलं, वय वाढेल तसं पांढरट.

*राइट आणि ग्रे किंवा बोहेड.* इथे भूगोलच उत्तर देतो, टप्पा १ मधलं कार्ड बघा. फिन नाही, डोक्यावर चट्टे तर राइट. चट्टे नाहीत, हनुवटी पांढरी आणि बर्फाळ पाणी तर बोहेड.

टप्पा ९: फोटो

कॅमेऱ्यात शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, सलग शूटिंग चालू, फोकस मधल्या बिंदूवर. झूम पूर्ण ताणू नका, थोडी जागा सोडा, नाहीतर अर्धी पाठ फ्रेमबाहेर.

मोबाईलच असेल तर फोटो सोडा, व्हिडिओ करा. मोबाईलच्या फोटोत एक काळा ठिपका येतो, व्हिडिओत मात्र फवारा ते फिन हा सगळा क्रम येतो आणि नंतर थांबवत थांबवत मोजता येतो. झूमपेक्षा हा क्रम जास्त कामाचा.

कुठला क्षण पकडायचा? हंपबॅक असेल तर शेपटीची खालची बाजू, म्हणजे तो बोटीपासून लांब जाताना मागून. ऑर्का असेल तर फिन आणि त्यामागचा पट्टा, जमलं तर डावी बाजू, कारण अभ्यासक सहसा तीच जुळवतात. फिन व्हेल असेल तर उजवा जबडा. उडीचे फोटो सुंदर येतात पण ओळखायला फार कमी वेळा लागतात, आणि उडीची वाट बघत कॅमेरा डोळ्याला लावून बसणारा माणूस बाकी सगळं चुकवतो.

*सावधान:* जवळ जायला क्रूच्या मागे लागू नका. मोठ्या व्हेलपासून बऱ्याच देशांत १०० मीटरच्या आसपासचं अंतर ठेवावं लागतं, अमेरिकेत नॉर्थ अटलांटिक राइट व्हेलसाठी तर ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर. त्रासलेला व्हेल दिशा बदलत राहतो, श्वास छोटे करतो आणि लांब बुडतो, मग ओळख पण नाही आणि फोटो पण नाही.

टप्पा १०: नोंद, तिथल्या तिथे

लिहू नका, बोला. मोबाईलवर व्हॉइस रेकॉर्डिंग चालू करून खिशात ठेवा आणि दिसेल ते दिसेल त्या क्रमाने सांगत रहा, नाव न घेता. असं काहीतरी: "९ वाजून ४२, बोटीच्या ११ वाजता, फवारा उंच, सरळ, एकच. पाठ लांब. दोन मोजल्यावर फिन, मोठा, मागे झुकलेला. उजवी बाजू दिसली, जबडा पांढरा. शेपूट नाही. चार श्वास, मग गेला." यात कुठेही फिन व्हेल हा शब्द नाही, पण तुम्हाला आत्ता ऐकूनच कळलं असेल. आधी नाव घेतलं की मग डोळे त्या नावाला जुळेल तेवढंच बघतात, आणि शेजारच्याने मोठ्याने "ब्लू!" म्हटलं तरी तेच होतं. त्यामुळे बोटीवरच्या आरडाओरड्यापेक्षा तुमचं रेकॉर्डिंग खरं.

एकाच वेळी दोन व्हेल असतील तर "पहिला", "दुसरा" असं बोला. एकाचा फवारा आणि दुसऱ्याचा फिन जोडून तिसराच प्राणी तयार करणं ही फार कॉमन चूक आहे, विशेषतः जिथे फिन व्हेल आणि ब्लू एकत्र खात असतात तिथे.

परत आल्यावर फोटो लगेच उडवू नका. धूसर फोटोतही फिनची जागा कळते. फोटो वेळेप्रमाणे लावा, रेकॉर्डिंगशी जुळवा, आणि प्रत्येक दर्शनासमोर तीनपैकी एक लिहा: नक्की, बहुतेक, किंवा फक्त गट. दोन वेगवेगळ्या खुणा जुळल्याशिवाय "नक्की" नाही. "मोठा बलीन व्हेल, फिन मागे, प्रजाती नाही कळली" ही व्यवस्थित नोंद आहे (बलीन म्हणजे दातांऐवजी तोंडात गाळणीसारख्या पट्ट्या असलेला), सर्व्हे करणारे लोकही असंच लिहितात, आणि तुमच्या यादीत अशी एकही ओळ नसेल तर उलट मला संशय येईल.

हंपबॅकच्या शेपटीचा बऱ्यापैकी फोटो असेल तर हॅपीव्हेल या साइटवर टाका, तारीख आणि जागा बरोबर भरा. तो प्राणी आधी कुठे दिसला असेल तर जुळतो, आणि पुढे परत कुणाला दिसला की तुम्हाला कळवतात. टाकण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा, टाइमझोन बदलून गेलेल्यांच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा घरचीच वेळ राहिलेली असते आणि नोंद चुकीच्या तारखेला जाते.